राजकीय आश्रय नाकारला तर कोर्ट नेमकं काय तपासतं? सावरकर प्रकरण ते आजचं कॅनडा

'कॅनडात राजकीय आश्रयाचा अर्ज टाकू. नाकारला तर कोर्टात जाऊ, टेन्शन नको.' जळगाव-धुळ्याच्या एखाद्या तरुणाला कुणी एजंट असं सांगत असेल, तर पैसे मोजण्याआधी 'कोर्टात जाऊ' याचा अर्थ समजून घ्यायला हवा.

या विषयातलं मराठी माणसाला सर्वात जवळचं प्रकरण 1910 मधलं आहे, विनायक दामोदर सावरकरांचं.

नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची डिसेंबर 1909 मध्ये हत्या झाली. त्यानंतर मार्च 1910 मध्ये सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. त्यांना भारतात पाठवू नये म्हणून वकिलांनी तिथल्या कोर्टात हेबियस कॉर्पस याचिका केली. ती फेटाळली गेली, अपीलही गेलं. खरी गोम कायद्यात होती. ब्रिटनच्या 1870 च्या प्रत्यार्पण कायद्यात राजकीय गुन्ह्यांना सूट होती, पण ती परक्या देशाने आरोपी मागितला तर. भारत पडला साम्राज्याचा भाग. त्यामुळे 1881 चा वेगळा कायदा लागू झाला आणि त्यात ही सूटच नव्हती.

8 जुलैला मार्सेलिस बंदरात सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून समुद्रात उडी मारली आणि ते पोहत किनाऱ्यावर पोहोचले. तिथे फ्रेंच शिपायाने त्यांना पकडलं आणि ते पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. फ्रान्सच्या भूमीवर आलेल्या राजकीय आरोपीला असं परत देता येतं का, यावरून फ्रान्समध्ये गदारोळ झाला. कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँगे यांनीही आवाज उठवला. शेवटी वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला.

24 फेब्रुवारी 1911 ला निकाल आला. अटकेत अनियमितता झाली, हे लवादाने मान्य केलं. तरीही कैदी फ्रान्सला परत करण्याचं बंधन ब्रिटनवर नाही, असं ठरवलं. वाद दोन सरकारांमधला होता, स्वतः सावरकर त्यात पक्षकारच नव्हते. तोवर मुंबईत त्यांना दोन जन्मठेपा सुनावूनही झाल्या होत्या.

आज काय बदललं?

1951 च्या निर्वासित करारानुसार राजकीय मतामुळे छळाची भीती असेल, तर माणूस स्वतः दाद मागू शकतो. त्यासाठी पुढारी असण्याची गरज नाही. छळ करणाऱ्याने तुमच्यावर एखादं मत चिकटवलं असेल, तरी ते ग्राह्य धरलं जातं. पण भीती खरी असल्याचं पटवून द्यावं लागतं, आणि बनावट गोष्ट इथेच उघडी पडते. भारतीय अर्जदाराला तर हमखास विचारलं जातं: गावात धोका आहे ना, मग मुंबईत का राहत नाही? जळगावहून एका रात्रीत मुंबई गाठणाऱ्याने याचं उत्तर तयार ठेवलेलं बरं.

कॅनडात आधी निर्वासित मंडळ आणि बहुतेकांसाठी त्याचाच अपील विभाग, त्यानंतर फेडरल कोर्ट. तिथेही आधी परवानगी मिळवावी लागते आणि त्यासाठी अर्ज निर्णय हाती आल्यापासून 15 दिवसांत करावा लागतो. मुख्य म्हणजे, हे कोर्ट सहसा आश्रय देत नाही. मंडळाचा निर्णय कायद्याला धरून आणि वाजवी होता का, एवढंच ते तपासतं. अर्जदार जिंकला, तरी फाइल नव्या सुनावणीसाठी पुन्हा मंडळाकडेच जाते.

आणि कुणी परदेशी माणसाने खान्देशात आश्रय मागितला तर?

भारताने 1951 च्या करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. म्हणून कोर्टात आव्हान दिलं जातं ते मुख्यतः देशाबाहेर पाठवण्याच्या आदेशाला. जळगाव-धुळ्यातून अशी याचिका मुंबई हायकोर्टाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जाईल. 1994 मध्ये याच हायकोर्टाने एका इराणी नागरिकाला दिलासा दिला होता. संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाने त्याला निर्वासित मानलेलं असल्याने इराणला पाठवण्याचा प्रश्न येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. 2021 मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाचा सूर वेगळा होता: जगण्याचा हक्क परदेशी माणसालाही आहे, पण देशाबाहेर न काढलं जाण्याचा हक्क फक्त नागरिकांचा.