ससा पिंजऱ्याबाहेर सोडायचाय? आधी फरशी बघा!

आज बोलूया सशाच्या पळापळीबद्दल. कारण एक वाक्य सारखं ऐकू येतं: "आमचा ससा फार शांत आहे, पिंजऱ्यातच बसून असतो." अहो, तो शांत नाहीये, त्याला पळायला जागाच नाहीये! ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन दोन सशांसाठी किमान ३ मीटर बाय २ मीटर जागा सांगते, तीही चोवीस तास. म्हणजे जवळजवळ आपली एक छोटी बेडरूमच. एवढी जागा नसेल, तर रोज काही तास तरी बाहेर सोडायलाच हवं. हालचाल नसली की सशाचं पोट मंदावतं, आणि सशाने खाणं थांबवलं की प्रकरण थेट जिवावर येतं.

वेळ कोणती? पहाट आणि संध्याकाळ. ससा तेव्हाच खरा जागा असतो. कॉलेज-ऑफिसवाल्यांना हे सोयीचंच आहे.

आता घरातला सगळ्यात मोठा धोका. वायर? नाही, चकचकीत टाइल्स! कुत्र्या-मांजरासारखी गादी सशाच्या तळव्याला नसते, नुसते केस असतात. त्यामुळे पाय फाकतात, घसरतात. साधी सतरंजी किंवा जाड चटई अंथरली की काम झालं. वायर तो चावणारच. त्या उचलून ठेवा किंवा त्यांच्यावर प्लॅस्टिकचा पाइप चढवा. बाल्कनीच्या ग्रिलच्या फटीही तपासा. आणि उचलाउचली कमी करा. मागचे पाय दणकट, हाडं मात्र हलकी. हातात असताना त्याने जोरात लाथ झाडली तर स्वतःचाच कणा मोडू शकतो. उचलायचंच असेल तर एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली. कान धरून तर कधीच नाही!

बाहेर न्यायचं म्हणजे वरूनही बंद असलेलं कुंपण हवं. घार, कावळा, मांजर, भटकी कुत्री... नुसत्या भीतीनेही ससा दगावू शकतो. सोसायटीच्या लॉनवर औषध मारलंय का, हे माळीकाकांना आधी विचारा. कण्हेर जवळपास नको, ती विषारी आहे. हार्नेस लावून रस्त्यावर फिरवणं मला विचाराल तर सशासाठी कमी आणि रीलसाठीच जास्त असतं.

एप्रिल-मे मध्ये दुपारी बाहेर काढूच नका. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांतून जाते. तापमान ३० अंशांच्या आसपास गेलं की त्रास सुरू होऊ शकतो. तोंड उघडून धापा टाकतोय, लाळ गळतेय, मलूल पडलाय? लगेच सावलीत घ्या, कान साध्या पाण्याने ओले करा (बर्फाचं पाणी नको) आणि डॉक्टरांकडे पळा.

एरवी परत पिंजऱ्यात आणताना मागे धावू नका, त्याला वाटतं शिकारी आला. रोज त्याच वेळी, त्याच जागी कोथिंबिरीच्या दोन काड्या ठेवा. थोड्याच दिवसांत तो आपणहून येऊन बसेल.