सिकल म्हणजे विळा
मराठी माध्यमातून विज्ञानाच्या इंग्रजीकडे जाताना मनात घट्ट बसलेल्या काही समजुती

गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल हा शब्द न ऐकलेला माणूस शोधावा लागेल. पूर्व विदर्भात या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. शाळेत तपासणी होते, आशाताई घरी येऊन विचारतात, लग्न जमवताना विषय निघतो. पण या शब्दातला ‘सिकल’ म्हणजे धान कापायचा विळा, आणि ‘सेल’ म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकात शिकलेली पेशी, हे मुलांना सहसा कुणी सांगितलेले नसते. या विकारात रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. 1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शीखाली दिसलेल्या अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांना विळ्याचीच उपमा दिली. विळा घरात आहे, पेशी पुस्तकात आहे, शब्द तोंडात आहे. या तिघांची गाठ तेवढी पडलेली नाही.

जिल्ह्यातल्या सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडची मुले दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि अकरावी विज्ञानाला येतात तेव्हा सगळी पुस्तके एकदम इंग्रजीत होतात. घरी धानाच्या बांधीत रोवणी चाललेली असते आणि इथे मूल भौतिकशास्त्राच्या पहिल्या धड्याच्या दुसऱ्याच ओळीत अडकलेले असते. अशा वेळी मुलांना, पालकांना आणि आम्हा शिक्षकांनाही ज्या समजुती घेरतात, त्यांतल्या काही नुकसान करणाऱ्या आहेत.

गैरसमज: मराठी माध्यमाचे मूल शून्यापासून सुरुवात करते

हा सगळ्यांत घातक, म्हणून यावर जरा थांबतो.

‘आयसोटोप’ घ्या. ग्रीक भाषेत ‘आयसो’ म्हणजे सम, ‘टोपोस’ म्हणजे स्थान. मराठी पुस्तकातला शब्द कोणता? समस्थानिक. तुकड्याला तुकडा जुळतो. ‘फोटोसिंथेसिस’मध्ये ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिन्’ म्हणजे सम्, एकत्र, आणि उरलेला भाग जोडण्याचा, रचण्याचा. आपण म्हणतो प्रकाशसंश्लेषण. ‘मायक्रोस्कोप’ म्हणजे सूक्ष्मदर्शी. ‘अ‍ॅम्फिबियन’ म्हणजे उभयचर. ‘आयसोथर्मल’ म्हणजे समतापी. ‘एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम’ ऐकून छाती दडपते, पण ‘एंडो’ आत, ‘प्लाझ्म’ द्रव्य, ‘रेटिक्युलम’ जाळी. हीच ती आंतर्द्रव्यजालिका. ज्याने ती मराठीत समजून घेतली, त्याची संकल्पना तयार आहे. त्याला फक्त नाव बदलायचे आहे.

हा योगायोग नाही. युरोपने शास्त्रीय शब्द ग्रीक आणि लॅटिनमधून घडवले, आपण संस्कृतमधून, आणि पुष्कळदा मूळ शब्दाची फोड समोर ठेवूनच घडवले. शिवाय या तिन्ही भाषा एकाच कुळातल्या. ‘अ‍ॅनिमिया’तला ‘अन्’ हा आपल्या ‘अनावश्यक’मधल्या ‘अन्’चा सख्खा भाऊ आहे, पुढच्या भागाचा अर्थ रक्त. ‘ट्राय’ म्हणजे त्रि, ‘डेका’ म्हणजे दश. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, एका जागेहून दुसऱ्या जागी. शेतीच्या इंग्रजी पुस्तकात पऱ्हे उपटून बांधीत लावण्याला ‘ट्रान्सप्लांट’ म्हणतात आणि वैद्यकीय पुस्तकात मूत्रपिंड बसवण्यालाही तोच शब्द आहे. रोवणी केलेल्या मुलाला हा शब्द पाठ करावा लागू नये.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. या जिल्ह्यातली कितीतरी मुले घरी पोवारी बोलतात, गोंडी बोलतात, झाडीबोली बोलतात, सीमेकडच्या गावांत हिंदी आणि छत्तीसगढी बोलतात. गोंडी तर द्राविडी कुळातली, मराठीपासून फार दूरची. पहिलीत आलेल्या या मुलांना पुस्तकातली मराठीही परकीच होती. ‘गृहीत धरू’, ‘अनुक्रमे’, ‘परिणामी’ हे शब्द कुणाच्या आजीने चुलीजवळ उच्चारले नव्हते. ते मुलांनी शाळेत कमावले. घरच्या बोलीतून पुस्तकाच्या भाषेत जाण्याचे काम त्यांनी एकदा करून दाखवले आहे, आणि त्यांना कमी लेखताना ही कमाई हिशेबात धरलीच जात नाही.

गैरसमज: इंग्रजी बोलता आले की पुस्तकही कळते

म्हणून दहावीच्या सुट्टीत बोलण्याच्या शिकवणीला पैसे भरले जातात. बोलता यावेच, त्याने धीर येतो. पण गप्पांची भाषा वेगळी आणि अभ्यासाची वेगळी. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकांनी 1979 मध्ये हा फरक मांडला. परदेशातून आलेली मुले इंग्रजी वातावरणात साधारण दोन वर्षांत सफाईने बोलू लागतात, पण वर्गातल्या अभ्यासाच्या इंग्रजीत बरोबरीच्या मुलांना गाठायला त्यांना पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांना दिसले. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षे विषय शिकूनही मूल अकरावीत अडखळते, तेव्हा ‘याला इंग्रजीच येत नाही’ असा शिक्का बसतो. त्याला एक प्रकारचे इंग्रजी थोडेफार येते, दुसऱ्या प्रकारचे कुणी शिकवलेलेच नसते.

गैरसमज: शब्दकोश पाठ करावा लागेल

मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून नेमके कोणते शब्द आधी शिकवावेत, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. 1953 मध्ये त्यांची सुमारे 2000 शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. म्हणजे या विद्येचा एक मोठा धागा आपल्याच उपखंडातल्या वर्गातून निघाला आहे. 2000 साली न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या शाखांच्या सुमारे 35 लाख शब्दांच्या मजकुरातून वेस्टच्या यादीत नसलेले, पण सगळ्याच शाखांत वारंवार येणारे शब्द वेचले. अशी 570 शब्दकुटुंबे निघाली. अभ्यासाच्या मजकुरातला साधारण दर दहावा शब्द त्यांतला असतो. दोन्ही याद्या मिळून सुमारे 86 टक्के मजकूर व्यापतात.

570 हा आकडा दोन वर्षांत आवाक्यातला आहे. आठवड्याला सहा कुटुंबे.

गैरसमज: अवघड असतात ते शास्त्रीय शब्द

‘मायटोकाँड्रिया’वर शिक्षक थांबतात, आकृती काढतात, व्याख्या देतात. थांबत नाहीत ते ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘इंडिकेट’, ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘व्हेअरअ‍ॅज’ यांच्यावर. मूल मात्र तिथेच पडते. प्रश्नपत्रिकेत ‘डिस्टिंग्विश’ म्हटले की फरक हवा, ‘जस्टिफाय’ म्हटले की कारण हवे, ‘डिराइव्ह’ म्हटले की पायरीपायरीने सूत्र साधून दाखवायचे. विषय येत असूनही क्रियापद न कळल्यामुळे गुण जातात, आणि मला हे सगळ्यांत जास्त लागते.

‘रिझल्ट इन’ आणि ‘रिझल्ट फ्रॉम’ पाहा. पहिल्यात कारण आधी येते आणि परिणाम नंतर. दुसऱ्यात परिणाम आधी, कारण नंतर. एका चिमुकल्या शब्दाने वाक्याची दिशा उलटते. मराठीत हे काम ‘मुळे’ करतो आणि तो कारणालाच चिकटून बसतो, म्हणून आपल्याला शंकाही येत नाही. तसेच ‘रिस्पेक्टिव्हली’चे. मराठीत आपण आधीच सांगतो, ‘अ आणि ब यांची वस्तुमाने अनुक्रमे 5 आणि 10 किलोग्रॅम आहेत’. इंग्रजीत हा शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. तोवर मुलाने आकड्यांची भलतीच जोडी लावलेली असते.

ओळखीचे शब्दही दगा देतात. ‘सोल्यूशन’ म्हणजे गणितात उत्तर, रसायनात द्रावण. ‘बेस’ भूमितीत पाया, रसायनात आम्लारी. ‘कल्चर’ समाजशास्त्रात संस्कृती, प्रयोगशाळेत वाढवलेले जिवाणू. ‘वर्क’ म्हणजे काम हे सगळ्यांना ठाऊक. पण धानाचे पोते डोक्यावर घेऊन माणूस तासभर उभा राहिला तरी भौतिकशास्त्राच्या हिशेबात त्याचे ‘वर्क’ शून्य, कारण पोते हललेच नाही.

शब्दांचे अर्थ असे सरकतात, त्याची एक गोष्ट मी वर्गात हमखास सांगतो. त्रिकोणमितीतला ‘साइन’ मुळात आपला आहे. आर्यभटाच्या परंपरेतली ‘ज्या’, म्हणजेच ‘जीवा’, अरबी गणितज्ञांनी ‘जीबा’ म्हणून उचलली. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि लिहिलेला हा शब्द दोन प्रकारे वाचता येई. पुढे वाचणाऱ्यांनी तो ‘जैब’ वाचला, म्हणजे वस्त्राची घडी, खिसा. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी घडीचा ‘सायनस’ केला, त्याचा ‘साइन’ झाला. तोच ‘जैब’ फारसीतून ‘जेब’ होऊन गोंदियाच्या बाजारात रोज ऐकू येतो. स्वर न लिहिण्याच्या याच सवयीमुळे आजही अरबी भाषक विद्यार्थी इंग्रजी वाचताना सारख्या व्यंजनांच्या शब्दांत गोंधळतात, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. आपल्या मुलांची अडचण निराळी: देवनागरीत जे लिहिले तेच वाचतात, आणि ‘सायकॉलॉजी’च्या सुरुवातीचा मुका पी त्यांना खोटारडा वाटतो. प्रत्येक लिपी आपल्या लेकरांना एक सवय लावते.

गैरसमज: यादी पुन्हा पुन्हा वाचली की शब्द पक्का होतो

वाचताना ओळखीचा वाटतो, एवढेच. 2008 मध्ये कार्पिकी आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ शिकवले. एकदा जमलेले शब्दही जे पुन्हा पुन्हा आठवून सांगत राहिले, त्यांना आठवड्याने सुमारे 80 टक्के आठवले. जे ते नुसते पुन्हा वाचत राहिले, आठवून सांगण्याचा सराव ज्यांनी सोडला, ते 35 टक्क्यांच्या आसपास राहिले. तेव्हा वहीच्या पानावर हात ठेवा, अर्थ झाका, आठवा, मग उघडून पाहा. आमगावहून गोंदियाला येणाऱ्या गाडीत हे सहज होते.

आणि शब्द सुटा लिहू नका. ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहा, शेजारी मराठी शब्द लिहा, त्याच्या कुटुंबातले दोन-तीन सोबत ठेवा: ‘व्हेरी’, ‘व्हेरिएबल’, ‘व्हेरिएशन’, बदलणे, चल, बदल.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, म्हणून ही मेहनत कशाला, असेही कुणी म्हणतात. मराठीत जरूर द्या, ती सोय हक्काची आहे. मात्र भाषांतराबद्दल वाद झाला तर इंग्रजी पाठ प्रमाण मानतात, आणि 2016 मध्ये गोंदियात सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तरी शरीररचनेचे पुस्तक इंग्रजीच हातात पडेल.

दहावीचा निकाल लागला की गावोगावी नववी-दहावीची पुस्तके रद्दीत जातात. ती देऊ नका. बालभारती तेच विज्ञानाचे पुस्तक इंग्रजी माध्यमासाठीही काढते: तीच प्रकरणे, त्याच आकृत्या, बहुतेक ठिकाणी तीच वाक्ये. त्याची प्रत संकेतस्थळावर फुकट मिळते. अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत ही दोन पुस्तके शेजारी ठेवून रोज एक पान वाचायचे. मराठीत ‘म्हणून’ आहे तिथे इंग्रजीत काय आहे, ‘गृहीत धरू’च्या जागी काय आहे, एवढेच शोधायचे आणि पेन्सिलीने खूण करायची.