चेहऱ्याचा सातबारा
(लेखांक पाचवा)

मागील लेखांकात अनिल कपूर (दिल्ली उच्च न्यायालय, सप्टेंबर २०२३) आणि अरिजित सिंग (मुंबई उच्च न्यायालय, जुलै २०२४) यांना मिळालेले मनाई आदेश पाहिले. तिथे तक्रार होती ती न विचारता चेहरा किंवा आवाज वापरणाऱ्या परक्यांविरुद्ध. चित्रपटाच्या सेटवर गोष्ट वेगळी असते. तिथे संमती घेतलेली असते, सहीही झालेली असते. अडचण सुरू होते ती त्यानंतर. नटाभोवती अनेक कॅमेरे लावून त्याचं त्रिमितीय स्कॅन घेतलं जातं आणि ती फाइल निर्मात्याकडून व्हीएफएक्स स्टुडिओकडे, तिथून कधी उपकंत्राटदाराकडे जाते. चित्रपट लागून उतरला तरी तिच्या प्रती कुणाकुणाकडे उरल्या, हे नटाला कळायला मार्ग नसतो. म्हणून या फायलीच्या प्रवासाची नोंद नसेल, तर संमतीपत्र कितीही काटेकोर लिहिलं तरी त्याला अर्थ उरत नाही, असं माझं मत आहे. सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नसतो, तरी जमिनीचा कुठलाही वाद त्याच्यापासूनच सुरू होतो. चेहऱ्यासाठी तसा उतारा अजून अस्तित्वातच नाही.

अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा या कलावंतांच्या संघटनेने १४ जुलै २०२३ पासून ११८ दिवस संप केला, त्यात हा मुद्दा ऐरणीवर होता. गर्दीतल्या कलाकारांना एका दिवसाची मजुरी देऊन त्यांचं स्कॅन कायमचं वापरण्याचा निर्मात्यांचा प्रस्ताव आहे, असा संघटनेचा आरोप होता. निर्मात्यांनी तो फेटाळला. झालेल्या करारानुसार स्कॅनची पूर्वसूचना साधारणपणे ४८ तास आधी द्यावी लागते, वापर कशासाठी हे पुरेशा तपशिलाने लिहावं लागतं आणि नटाऐवजी प्रतिकृती वापरली तर तो स्वतः जितके दिवस काम करता तितक्या दिवसांचं मानधन द्यावं लागतं. आता हे दिवस मोजणार कोण? करारानुसार निर्माताच. त्याचा आकडा पडताळून पाहायचा, तर कोणती फाइल कोणत्या दृश्यात वापरली याची नोंद हवीच.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने प्रतिमुद्राधिकार कायद्यात कलाकारांचे हक्क विस्तारले. आपल्या सादरीकरणाची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्कही त्यात आहे. पण त्याच कायद्यात एक परंतुक आहे. ज्याचं काम प्रासंगिक आहे आणि प्रथेनुसार श्रेयनामावलीत ज्याचं नाव येत नाही, त्याला मोडतोडीविरुद्धचा हक्क तेवढा मिळतो. बाकीच्या बाबतींत कायदा त्याला कलाकारच मानत नाही. म्हणजे प्रतिकृतीमुळे ज्याच्या पोटावर आधी पाय येईल, त्या ज्युनियर आर्टिस्टच्या हाती सर्वांत कमी आहे. तारे उच्च न्यायालयात जाऊ शकतात. रोजंदारीवरच्या माणसाने आपला चेहरा तिसऱ्या चित्रपटाच्या जत्रेत फिरतोय हे ओळखायचं तरी कसं?

यावर म्हटलं जातं की, गर्दीतला चेहरा कुणी ओळखतच नाही, मग नुकसान कसलं? पण इथलं नुकसान ओळखीचं नाही, बुडालेल्या रोजाचं आहे. एकाच स्कॅनमधून शंभर माणसं उभी राहिली, तर त्या दिवशी शंभर जणांना बोलावणं येणार नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अगदीच पोकळ नाही: छोट्या मराठी चित्रपटाच्या निर्मात्याला आणखी एक वही डोईजड वाटू शकते. मात्र हाच निर्माता कॉल शीट ठेवतो, कंटिन्युइटीसाठी कुठल्या दृश्यात कोणता सदरा होता हेही लिहून ठेवतो. त्यात स्कॅनची तारीख, ते कुणाच्या ताब्यात आहे, कुठल्या दृश्यांत वापरलं आणि कधी पुसायचं, एवढ्या चार नोंदींची भर घालणं अशक्य नाही. प्रती लपवल्या जातील, हेही खरं. पण नोंदीत नसलेली प्रत सापडली, तर खुलासा करण्याची जबाबदारी निर्मात्यावर टाकता येते. आज ती नटावर आहे.

यातला सर्वांत अवघड रकाना मुदतीचा. अमेरिकी करारात वेगळी मर्यादा लिहिलेली नसेल, तर संमती मृत्यूनंतरही चालू राहते. उलट सुशांतसिंह राजपूत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये व्यक्तिमत्त्वाचे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, असं म्हटलं. वारसांनी मग काय करायचं, हा पुढच्या लेखांकाचा विषय.