तीन देश, एकच क्रमांक

म्युनिकहून गाडीने इटलीतल्या वेरोनाला निघालं की रस्त्याचं नाव सारखं बदलतं. जर्मनीत ए-८ आणि ए-९३, ऑस्ट्रियात ए-१२ मग ए-१३, इटलीत ए-२२. महामार्गाच्या पाट्याही निळ्याच्या हिरव्या होतात. पण छोट्या हिरव्या चौकोनातला पांढरा ई-४५ शेवटपर्यंत साथ सोडत नाही. परक्या मुलुखात मला त्याचा फार आधार वाटतो.

हे युरोपीय ई-क्रमांक १९७५ च्या जिनिव्हा करारातले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना विषम आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम. स्वीडनचा ई-४ मात्र उत्तर-दक्षिण असूनही सम, कारण तिथे जुनाच क्रमांक ठेवला. ब्रिटन तर ई-क्रमांकाच्या पाट्या लावतच नाही.

वेरोनाच्या वाटेवर ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक सोडलं की युरोपा पूल लागतो. १९६३ मध्ये खुला झालेला हा पूल दरीपासून सुमारे १९० मीटर उंच आहे. पुढे चढ संपतो तो १,३७० मीटरवरच्या ब्रेनर खिंडीत. तिथे इटलीची हद्द सुरू होते.

क्रमांक एक असला तरी टोल एक नाही. जर्मनीत मोटारींना टोल नाही, इटलीत अंतरानुसार आहे. ऑस्ट्रियात महामार्गाचा परवाना आधीच घ्यावा लागतो आणि ब्रेनरच्या ए-१३ चा टोल वेगळा भरावा लागतो. निघण्यापूर्वी ही सोय करूनच ठेवा.