पाणी तोडून गोधडी कोरडी होत नाही

"दिवस मावळल्यावर पोराला पाण्याचा घोट देत नाही, तरी गोधडी ओलीच!" खामगाव-शेगावकडे हे अजूनही ऐकावं लागतं, तेही पारा 42 अंशांवर गेलेला असताना. आठ-नऊ वर्षांच्या लेकराला तहानलेलं झोपवायचं, हा उपाय कोणी शोधला? त्याने झोपेत अंथरूण ओलं करण्याचं दुखणं बरं होत नाही, उलट लांबतं.

त्या पोराचा दिवस बघा. सकाळी चहा ढोसून शाळेत. पाण्याची बाटली अर्धी तशीच परत येते. खारपाण पट्ट्यात हापशाचं खारट पाणी तर घशाखाली उतरत नाही. मुतारी घाण असली की पोर लघवी दाबून धरतं. पाणी कमी पडलं की शौचाला खडा होतो आणि तुंबलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. मग थोडी लघवी साचली तरी ती सुटते. संध्याकाळी घरी आल्याबरोबर ते तांब्या तोंडाला लावतं, आणि आपण नेमका तोच हिसकावतो.

ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेने 2010 साली दिलेला हिशेब असा: 4 ते 8 वर्षांच्या मुलाला दिवसभरात एक ते 1.4 लिटर पेयं हवीत. उन्हात खेळणाऱ्याला जास्त. त्यातलं बरंचसं दुपारपर्यंत पाजा. संध्याकाळचा चहा बंद. दिवसात 4 ते 7 वेळा लघवी, झोपण्याआधी एकदा नक्की. डॉक्टरांनी या त्रासावर डेस्मोप्रेसिनची गोळी दिली असेल तरच वेगळं: गोळीआधी एक तास आणि नंतर आठ तास जेमतेम घोटभर पाणी.

पोर मुद्दाम करतं? ते गाढ झोपेत असतं. मूत्राशय भरल्याची जाणीव त्याला जागं करत नाही. मारल्याने, शेजारणीसमोर गोधडी वाळत घालून लाजवल्याने ती जाणीव येत नाही. विस्तवाशी खेळल्याने होतं? नाही. घराण्यात कोणालाच नव्हतं? आजीला विचारा, आई किंवा वडिलांना लहानपणी हा त्रास असेल तर मुलात तो बराच जास्त आढळतो. आपोआप थांबतं? बहुतेकांचं थांबतं, दरवर्षी शंभरातल्या साधारण पंधरा मुलांचं. पण आश्रमशाळेत वीस पोरांमध्ये झोपणाऱ्याने तोवर काय करायचं? ओल लागताच वाजणारा अलार्म आहे, औषध आहे, बालरोगतज्ज्ञांना भेटा.

सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर मनावरच्या ताणाइतकंच लघवीच्या जंतुसंसर्गाकडेही बघावं लागतं. आणि सोबत सारखी तहान लागत असेल, वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या.