राजी : भिंतींवर लिहिलेली गोष्ट

प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, शके 1212 मध्ये. मोक्षपट हा खेळही ज्ञानेश्वरांचाच, असं परंपरा मानते. पुरावा मात्र तोकडा आहे. त्या पटावर शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटच्या घरात मोक्ष. पट विलायतेला गेला आणि हळूहळू नुसती सापशिडी उरली. पुढे 1981 मध्ये ‘डाँकी काँग’ या जपानी गेममध्ये मारिओ शिड्या चढू लागला. प्लॅटफॉर्म गेम म्हणतात तो प्रकार तिथून फोफावला. त्यात गोष्ट तोंडी लावण्यापुरती.

पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने चढण्या-उड्या मारण्याला पुन्हा गोष्ट जोडली. 2017 मध्ये श्रुती घोष, इयन मॉड आणि अविचल सिंह यांनी काम सुरू केलं. त्याच वर्षी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ते जमले नाहीत. संस्थापकांपैकी एकाने फ्लॅट विकून गाडा पुढे ओढला. ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट 2020 मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतरत्र आला.

राजी ही सर्कशीत कसरती करणारी अनाथ पोरगी. राक्षस तिचा धाकटा भाऊ गोलूला पळवून नेतात, दुर्गा तिला त्रिशूळ देते. ती भिंतीवरून तिरकी धावते, खांबाला लटकून झेप घेते. कॅमेरा बराच वर, लांब. त्यामुळे हवेल्या नि बुरुजांच्या पसाऱ्यात ती मुंगीएवढी दिसते, आणि हे फार छान आहे. भिंती पहाडी लघुचित्रांच्या वळणाने हाताने रंगवल्यासारख्या आहेत. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेत. संगीत लिनोस झेलोस या ग्रीक संगीतकाराचं.

कोड्यांपैकी एक नीट पाहण्यासारखं. एक मोठं गोल चित्र, त्याची चकत्यांसारखी वर्तुळं सरकलेली. प्रत्येक वर्तुळ फिरवत रेषेला रेष जुळवायची. चित्र पुरं झालं की भावा-बहिणीची जुनी आठवण उलगडते. कोडं अवघड नाहीच; सराईत खेळाडू नाक मुरडेल. पण बक्षीस म्हणून नाणी नव्हे, आठवण हाती येते, एवढ्यासाठी मी त्याला शंभर गुण देईन.

भिंतीवरच्या चित्रापाशी थांबलं की दुर्गा आणि विष्णू त्यातली पुराणकथा सांगू लागतात. दोघे राजीच्या धडपडीवरही बोलत राहतात, कधी जरा जास्तच. आपल्याकडे कीर्तनकार असंच मध्ये थांबून आख्यान लावतो, म्हणून मला ते खटकलं नाही. खटकली मारामारी. तीच ती राक्षसांची टोळी, तोच चौक, दरवाजे बंद. शेवटही घाईत उरकलाय. पाच-सहा तासांच्या खेळात एवढं चालवून घ्यावं.

2020 च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ने नेला. 2022 च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. खेळायचा असेल तर तीच आवृत्ती घ्यावी. दुर्गेचं इंग्रजी ऐकताना कान जरा परके होतात.