पश्चिमेचे झाड

बुलढाण्याच्या माणसाला थंडीचे कौतुक सांगू नये! आमचे गाव अजिंठ्याच्या डोंगरावर. मलकापूरकडून राजूरचा घाट चढून आले की वारा बदलतो, आणि साऱ्या वऱ्हाडात आम्ही थंड हवेचे म्हणून मिरवतो. हीच ऐट घेऊन गेल्या दिवाळीला आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेत, मिनियापोलिसला गेलो. जानेवारीच्या एका रात्री पारा शून्याखाली 30 अंशांवर उतरला आणि माझी ऐट दुलईत शिरली!

निघण्यापूर्वी घरचे एक काम मी ठरवून ठेवले होते. घराच्या पश्चिमेचा जुना कडुनिंब तोडून तिथे मोटारीसाठी शेड घालायची. नगरपालिकेकडे अर्ज केला होता, मिस्त्रीला इसारही दिला होता.

लेकीच्या दारी सगळी झाडे बोडकी झाली होती. हिरवे राहिले होते ते एकच, बारा फुटी निळसर झाड. दिवाळीचा आकाशकंदील तिने त्यालाच टांगला होता. हा ‘ब्लू स्प्रूस’, मूळचा रॉकी पर्वतातला, आपल्या देवदाराच्या कुळातला. शून्याखाली 40 अंशांपर्यंतची थंडी तो सोसतो. पाने सुईसारखी, चौकोनी. चिमटीत धरली की गरगर फिरतात. त्यांवरच्या मेणाच्या थरामुळे निळी झाक येते आणि आतले पाणीही जपले जाते. एकेक पान अनेक वर्षे टिकते, म्हणून झाड सदा हिरवे. अंगाने खाली रुंद, वर निमुळते; त्यामुळे बर्फ साचून न राहता घसरतो.

“पण ऐन वायव्येला का लावलेस?” मी विचारले.

“बाबा, हिवाळी वारा तिकडूनच येतो. झाड तो अडवते आणि घर ऊबदार राहते. पण पुढे ते वीस फूट पसरेल, म्हणून भिंतीपासून दूर लावले. दाटीत ओल राहिली की बुरशी येऊन सुया झडतात. आणि जमीन गोठण्यापूर्वी त्याला भरपूर पाणी द्यायचे, नाहीतर हिवाळ्यात ते तहानेने करपते.”

बर्फात झाड तहानलेले! मला नवल वाटले. म्हटले, “दोन रोपे बुलढाण्याला नेऊ या.”

ती हसली. “अहो, त्याला लांबलचक थंडीची विश्रांती लागते. आपल्या वैशाखात, 40 अंशांच्या वर पारा गेला की ते जळून जाईल. आणि आपल्याकडे पश्चिमेला कडुनिंब आहे की! आजोबांनी तो तिथे उगाच का लावला?”

मी गप्प झालो. इसाराची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. दुपारचे तिरपे ऊन ज्या बाजूने घर भाजते, तिथेच वडिलांनी निंब लावला होता. चैत्रात नवी पालवी घेऊन तो ऐन उन्हाळ्यात गर्द होतो. साठ वर्षांचा तो पहारा मी एका शेडपायी मोडायला निघालो होतो! त्याच रात्री धाकट्या भावाला फोन केला, “अर्ज मागे घे. इसार गेला तरी चालेल.”

वाचकहो, परदेशी लेकीसुनांच्या दारी स्प्रूस जरूर वाढू द्या. पण आपल्या दारचे झाड तोडण्यापूर्वी ते कोणत्या दिशेला उभे आहे, एवढे पाहा.

आमची मोटार आता निंबाखालीच असते. तिच्यावरची पाने रोज सकाळी मीच झाडतो. सौ. म्हणते, “तेवढाच व्यायाम!” यंदाचा आकाशकंदील मात्र तिने त्याच निंबाला टांगायला लावला आहे.